कामाची यादी आणि सूचनेचा हक्क : अमेरिकी कारागीर संघटनांची सूचनापत्रे

अमेरिकेतील वायरमन, प्लंबर, पत्राकाम करणारे, लोखंडी सांगाडे उभारणारे अशा कुशल कारागिरांच्या संघटनांचा मूळ घटक ‘लोकल’ या नावाने ओळखला जातो. एखादे शहर किंवा त्याच्या भोवतालचे काही जिल्हे एवढेच तिचे क्षेत्र असले, तरी तिला स्वतःचे उपनियम, सभासदांनी निवडलेले पदाधिकारी आणि स्वतंत्र निधी असतो. देशपातळीवरील मातृसंघटना तिला सनद आणि क्रमांक देते. अशी लोकल आपल्या सभासदांना वेळोवेळी जी सूचनापत्रे पाठवते, त्यांत मासिक सभेची तारीख, वर्गणीचे दर, कामाच्या यादीची स्थिती, शिकाऊ उमेदवारांच्या प्रवेशाची मुदत, निवडणुकीचे वेळापत्रक आणि निवृत्त व दिवंगत सभासदांची नावे असा रुक्ष वाटणारा मजकूर असतो. त्या रुक्ष मजकुराच्या बहुतेक शीर्षकांमागे एखादा जुना अन्याय आणि त्यावर काढलेला तोडगा दडलेला असल्यामुळे, संघटनेतील सत्ता कोणाच्या हाती होती आणि तिला लगाम कसा बसला, याचा तो एक विश्वसनीय पुरावा ठरतो.

यांपैकी सर्वांत जुने शीर्षक मृत्यूच्या सूचनेचे म्हणता येईल. वीजकामगारांची राष्ट्रीय संघटना 1891 मध्ये सेंट लुइस येथे स्थापन झाली, त्या काळी खांबावर चढून जिवंत तारांवर काम करणे हा अत्यंत धोक्याचा व्यवसाय होता. संघटनेचे पहिले अध्यक्ष हेन्री मिलर हेसुद्धा 1896 मध्ये वॉशिंग्टन येथे तारांवर काम करत असताना झालेल्या अपघातात मरण पावले. सभासदांनी एकमेकांना ‘ब्रदर’ आणि पुढे स्त्रिया या व्यवसायात आल्यावर ‘सिस्टर’ म्हणण्याची रीत आजही सूचनापत्रांत पाळली जाते. तिचे मूळ अशा धोक्यात एकमेकांच्या कुटुंबांची जबाबदारी उचलण्याच्या जुन्या गरजेत आहे, असे म्हणता येईल.

मात्र सभासद सर्वांत आधी वाचतो तो भाग कामाच्या यादीचा. इमारत पूर्ण झाली की तेथील काम संपते आणि कारागिराला दुसरा कंत्राटदार शोधावा लागतो, हे बांधकाम व्यवसायाचे स्वरूपच असल्याने येथे एका मालकाकडची कायम नोकरी अपवादानेच आढळते. ही अडचण दूर करण्यासाठी ‘हायरिंग हॉल’, म्हणजे संघटनेने चालवलेले कामवाटप केंद्र, ही व्यवस्था रूढ झाली. कंत्राटदाराने मागणी नोंदवायची आणि केंद्राने नोंदवहीतील क्रमानुसार कारागीर पाठवायचा, असा तिचा गाभा आहे. वीजकामगारांच्या लोकलमध्ये त्या क्षेत्रातील रहिवासी, चार किंवा अधिक वर्षांचा अनुभव असलेले आणि कारागिराची परीक्षा उत्तीर्ण झालेले लोक पहिल्या वहीत, तर बाहेरच्या लोकलमधून कामासाठी आलेले कारागीर, ज्यांना व्यवसायात ‘ट्रॅव्हलर’ म्हणतात, ते सहसा दुसऱ्या वहीत नोंदले जातात. पहिल्या वहीत किती नावे शिल्लक आहेत, आज किती मागण्या आल्या, त्यांतील ‘शॉर्ट कॉल’, म्हणजे यादीतील आपली जागा न गमावता करता येणारी अल्पमुदतीची कामे, किती आहेत आणि नाव यादीत टिकवण्यासाठी पुन्हा सही केव्हा करावी लागेल, या माहितीवर सभासदाच्या घरचे पुढील काही महिने अवलंबून असतात.

नेमणुकीचा अधिकार मुकादमाच्या मर्जीतून काढून नोंदवहीच्या क्रमाकडे सोपवणे हे या व्यवस्थेचे मोठे यश असले, तरी वही ज्याच्या हाती तो नवा मुकादम होण्याचा धोका तिच्यात पहिल्यापासूनच होता. केवळ सभासदांनाच काम देण्याची अट घालणारा करार 1947 च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने बेकायदा ठरवला आणि त्यामुळे कामवाटप केंद्राला सभासद नसलेल्यांचीही नावे भेदभाव न करता नोंदवणे भाग पडले. वाटपाचे नियम ठळक जागी लावले पाहिजेत, अशी अट राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने पुढे घातली. ती सरसकट लादण्याचा मंडळाचा अधिकार 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारला, तरीही वीजव्यवसायातील प्रमाणित करारांत हे नियम लोकलच्या आणि मालकांच्या कार्यालयांत फलकावर लावण्याचे कलम कायम राहिले.

संघटनांच्या अंतर्गत कारभाराला सूचनेची कायदेशीर चौकट मिळाली ती 1959 मध्ये. सिनेटर जॉन मॅक्लेलन यांच्या अध्यक्षतेखाली 1957 मध्ये नेमलेल्या समितीने काही संघटनांतील निधीचा अपहार आणि गुंडगिरी उघडकीस आणली होती. त्या पार्श्वभूमीवर लँड्रम-ग्रिफिन कायदा संमत झाला. लोकलच्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक निदान तीन वर्षांतून एकदा गुप्त मतदानाने व्हावी, तिची सूचना किमान 15 दिवस आधी प्रत्येक सभासदाच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर टपालाने जावी आणि लोकलने वर्गणी वाढवायची झाल्यास सभासदांच्या गुप्त मतदानाने बहुमत मिळवावे, अशी बंधने त्याने घातली. वर्गणीचा प्रस्ताव सभेत आणायचा असेल, तर त्याचीही पुरेशी आगाऊ सूचना द्यावी लागते. पंधरा दिवसांचा हा रुक्ष आकडा महत्त्वाचा आहे, कारण विरोधकांना कळण्याआधीच सभा उरकून घेणे ही संघटना बळकावण्याची जुनी आणि सोपी युक्ती होती.

शिकाऊ उमेदवारीच्या सूचनेचा इतिहास याहून कटू आहे. संघटना आणि कंत्राटदार यांच्या संयुक्त समितीमार्फत चालणारे हे प्रशिक्षण वीजव्यवसायात साधारणपणे पाच वर्षांचे असून, त्यात प्रत्यक्ष कामाचे सुमारे 8,000 तास आणि वर्गातील शिक्षण यांचा समावेश असतो. शिकताना वेतन मिळत असल्याने तेथील प्रवेश हा स्थिर, मध्यमवर्गीय आयुष्याचा दरवाजा ठरतो. हा दरवाजा उघडल्याची बातमी कोणाला कळवायची, हे ठरवण्यातून दीर्घकाळ वर्णभेद राबवला गेला. न्यूयॉर्कमधील पत्राकाम कारागिरांच्या लोकल 28 मध्ये प्रवेश मुख्यतः सभासदांच्या शिफारशीवर, म्हणजे व्यवहारात त्यांच्या मुलांना आणि नातलगांना मिळत असे, आणि या पद्धतीने कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवल्याचा ठपका राज्याच्या आयोगाने 1964 मध्ये ठेवला. पुढे संघराज्य न्यायालयाने श्वेतेतर सभासदांचे प्रमाण वाढवण्याचे आदेश दिले, आणि 1982 मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल जे दोष लोकलवर सिद्ध झाले, त्यांत प्रवेशाची सार्वजनिक प्रसिद्धी मोहीम न राबवणे हाही एक दोष होता. दुसरा दोष होता तो भगिनी लोकलमधील गोऱ्या कारागिरांना परस्पर कामाचे परवाने देण्याचा. न्यायालयाने 1,50,000 डॉलरचा दंड केला आणि 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 29.23 टक्क्यांचे सभासदत्वाचे उद्दिष्ट कायम ठेवले. न काढलेली सूचना हीसुद्धा एक कृती असते आणि तिचा जाब विचारता येतो, हे या खटल्याने दाखवून दिले.

अनेक मालक, अल्पकाळाचे काम आणि कायम नोकरीचा अभाव हा अमेरिकी बांधकामातला प्रश्न महाराष्ट्रात हमालीच्या व्यवसायातही होता. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यावर वेगळ्या दिशेने उत्तर शोधले. तेथे मालक आणि कामगार या दोघांचीही नोंद शासन, मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींच्या वैधानिक मंडळाकडे होते, मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळातच भरली जाते आणि काम टोळीनिहाय चालते. अमेरिकी लोकलची वही संघटनेकडे आणि माथाडी मंडळाची वही शासननियुक्त यंत्रणेकडे असल्यामुळे गैरप्रकाराच्या जागा बदलतात, परंतु नोंद कोणाची झाली, कोणाची झाली नाही आणि ते कोणाला तपासता येते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच उरतो.

म्हणून लोकलच्या सूचनापत्राची परीक्षा त्यातील आवाहनांच्या आवेशावरून करण्यापेक्षा तीन साध्या कसोट्यांवर करणे अधिक उचित ठरेल : कामाच्या यादीचे आकडे आणि वाटपाचे नियम एकत्र वाचता येतात का, निर्णयाची सूचना निर्णयाच्या पुरेशी आधी मिळते का, आणि प्रवेशाची बातमी सभासदांच्या घरांपलीकडे पोहोचते का. पहिल्या दोन कसोट्या आतल्या लोकशाहीच्या आहेत आणि त्यांवर उतरलेली संघटनाही तिसरीवर नापास होऊ शकते. कारण आपल्या सभासदांशी सचोटीने वागणारी लोकल बाहेरच्या माणसाशीही न्यायाने वागेलच, अशी हमी तिच्या उपनियमांत नसते, ती कायद्याला आणि बाहेर उभ्या असलेल्यांच्या लढ्यालाच मिळवावी लागते.