दाराच्या पाठीवरच्या छत्तीस रेघा

दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आई दाराच्या मागच्या बाजूला कोळशाने रेघा ओढायची. आप्पांचा पगार झाला, की ती सावकाराकडे दोनशे रुपये देऊन यायची आणि एक रेघ ओढायची. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी चार हजार घेतले होते. आईला अक्षरओळख नव्हती. तिची वही म्हणजे ते दार.

१९९४ साली मी पुणे विद्यापीठात एम.ए.ला अर्थशास्त्र घेतले. नातेवाईक म्हणाले, "डी.एड. केलं असतं तर नोकरी तरी लागली असती." आप्पा खडकीच्या कारखान्यात कामगार. ते एवढेच म्हणाले, "बाबासाहेब परदेशी जाऊन हेच शिकले ना? मग शिकू दे तिला."

सायकलवरून हॅरिस पूल ओलांडायचा, बोपोडीतून औंध रस्त्याने विद्यापीठ गाठायचे. माझे शिक्षण मराठीतून झालेले. वर्गात मागणीचा वक्र, लवचिकता असे शब्द कानावरून जात. घोकून घोकून मार्क मात्र बरे पडू लागले.

गोखले संस्थेच्या दांडेकर आणि रथ यांचा १९७१ चा दारिद्र्यावरचा अभ्यास आम्हाला होता. १९६०-६१ च्या किमतींनी शहरात माणशी महिना साडेबावीस रुपये ही त्यांची रेषा. ती मी पाठ केली. आपल्या गल्लीतली किती घरे तिच्याखाली असतील, हा विचारही मनात आला नाही.

जयकर ग्रंथालयात बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा सहावा खंड मिळाला. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' त्यात आहे. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मी शब्दकोश घेऊन दिवसाला एक-दोन पाने असा वाचत होते. एका जागी थांबले. रुपयाची किंमत उतरली तर देशाचा फायदा होतो, असे तेव्हा पुष्कळजण म्हणत. बाबासाहेबांनी विचारले, फायदा नक्की कोणाचा? भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही. म्हणजे तो फायदा बाहेरून येत नाही. देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो.

त्या रात्री जेवताना दाराकडे लक्ष गेले. रेघा मोजल्या. छत्तीस.

"आई, व्याज किती गं?"

"शेकडा पाच. लई न्हाय."

"महिन्याला ना?"

"मग काय वर्साला?"

शेकडा पाच महिन्याला, म्हणजे वर्षाला साठ. छत्तीस गुणिले दोनशे, सात हजार दोनशे. तेवढे देऊन झाले होते आणि मुद्दल चार हजार तसेच उभे होते. मी मोठ्याने हिशेब सांगितला. आई गप्प झाली. मग म्हणाली, "एवढं शिकलीस, तर तीन वर्सं हे दार दिसलं न्हाय व्हय तुला?"

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते.

आप्पांच्या कारखान्यातल्या कामगारांची पतसंस्था होती. तिथे दरसाल शेकडा चौदा दराने कर्ज मिळे; चार हजारांना वर्षाचे व्याज पाचशे साठ. सावकाराला आम्ही वर्षाला चोवीसशे देत होतो. आप्पांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पण दोन जामीनदार लागत. "कुणाच्या दारात उभं राहायचं?" असे म्हणून त्यांनी तीन वर्षे काढली होती. सावकार जामीन मागत नव्हता. त्या न मागण्याची किंमत आम्ही दर महिन्याला मोजत होतो.

अर्ज मी भरला. आप्पा दोन दिवस घुटमळले, मग सोबत काम करणाऱ्या दोघांच्या घरी गेले. दोघांनी लगेच सही केली. एकजण म्हणाला, "मलाच तुम्हाला विचारायचं होतं, जामीन राहाल का म्हणून." सावकाराचे मुद्दल एकरकमी फेडले. आईने ओल्या फडक्याने दार पुसले.

आज मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. पहिल्या तासाला फळ्यावर एकच गणित घालते: महिना शेकडा पाच, तर वर्षाला किती? आता सावकार मोबाईलमध्येही आला आहे. तो आठवड्याचे, दिवसाचे व्याज सांगतो, आकडा लहान दिसावा म्हणून. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. बँका आणि वित्त कंपन्यांनी घरगुती कर्ज देताना वर्षाचा एकूण दर कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. तो कागद मागून घ्या. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या पोराला वाचायला लावा.

आणि शिकणाऱ्या पोरांनो, पुस्तक मिटले की एकदा आपल्या घराच्या दारामागे पाहा.