दारामागच्या दोन गोण्या

माझ्या आईच्या उजव्या तळहातावर एक आडवा व्रण आहे. पुण्यात कचरा वेचताना कुणाच्या तरी घरच्या फुटक्या बरणीची काच तिला लागली होती. भाजीच्या सालीत ती दिसली नाही. टाके पडले, आठ दिवस कामाचा खाडा झाला. आई एवढंच म्हणाली, "कागदात गुंडाळून वेगळी ठेवली असती तर काय बिघडलं असतं त्या बाईचं?"

आज मी दहा बाय बाराच्या खोलीत संसार करते. गेल्या पावसाळ्यात दारावर कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या बोटाला चिंधी बांधलेली दिसली. विचारलं तर म्हणाल्या, "काच लागली." मला घाम फुटला. आदल्याच दिवशी फुटका ग्लास मी खरकट्यात टाकला होता. काच माझ्याच घरची होती का, हे कळायला मार्ग नव्हता. पण वेचणाऱ्या आईची लेक असून मी त्या बरणीवाल्या बाईसारखीच वागले होते.

त्या रविवारी मी घरात कचऱ्याची व्यवस्था लावायला घेतली. पहिला विरोध आमच्या ह्यांचा. "बाबासाहेबांनी हेच सोडायला सांगितलं ना? आता पोरांनी अभ्यास सोडून कचरा निवडायचा?" त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस आणि टाकलेले तुकडे सोडून स्वाभिमानानं जगायला सांगितलं, ते आपल्या घराघरात ठाऊक आहे.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "जावईबापू, बाबासाहेबांनी दुसऱ्याची घाण उपसायची सोडा म्हटलं. आपली घाण दुसऱ्याच्या डोक्यावर टाका, असं नाही म्हटलं." हे गप्प झाले. दुसऱ्या दिवशी दारामागे खिळे मात्र त्यांनीच ठोकले.

आमची पद्धत साधी आहे. मोरीजवळ झाकणाची बादली फक्त ओल्या कचऱ्याला. पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढची वाळलेली फुलंही त्यातच. दारामागे तांदळाच्या दोन रिकाम्या गोण्या टांगल्या आहेत. एकीत कागद आणि पुठ्ठा, दुसरीत प्लॅस्टिक आणि पत्रा. दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकायचा नाही, पिशवीलाच लोंबता ठेवायचा. तो बारका तुकडा कुणाच्या हाती लागत नाही. पिशवी धुऊन दोरीवर वाळवायची, म्हणजे वास येत नाही, झुरळं होत नाहीत. कागदाची गोणी जमिनीपासून वर; भिजलेल्या रद्दीला भाव नाही. काच, ब्लेड, जुने सेल पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर, पोरांचा हात पोचणार नाही असे. पाळीचं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कुणी ते उघडत नाही.

ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवा, असं 2016 च्या सरकारी नियमांनी सांगितलं. आईला ते त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचणं हेही काम आहे आणि करणारीला मान हवा, हे आई तिथं शिकली.

रद्दी विकून पैसे घ्यायचे का, यावरही घरात बोलणं झालं. ठरलं असं की वर्तमानपत्रं आपण विकायची, त्यातून मुलांच्या वह्या. बाकीचं सुकं ताईंचं. धुतलेलं, सुटं मिळालं की त्यांचा निवडण्याचा वेळ वाचतो.

वर्षावासात विहारात भन्तेजींनी विनयपिटकातली एक गोष्ट सांगितली. आनंदाला पाचशे चीवरं दान मिळाली, तेव्हा उदेन राजानं विचारलं, एवढ्याचं करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्यांचं? गादीची खोळ. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला. पुढं पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी, आणि शेवटी त्या चिंध्या मातीत कालवून जमीन सारवायची. ऐकताना आई हसली. म्हणाली, "आनंदाला गोणी बांधता येत होती."

भगिनींनो, दोन गोण्या आणि चार खिळे, खर्च एवढाच. ताईंचं बोट आता बरं झालंय. परवा त्या माझ्या गोणीची गाठ सोडून म्हणाल्या, "तुमच्याकडचं बघून हात घालावा लागत नाही."

जयभीम.