तीन सी.सी.

परदेशी जाण्याची कारणं माणसागणिक वेगळी असतात. कुणी शिकायला जातो, कुणी कमवायला जातो, कुणी लेकीच्या बाळंतपणाला जातो. मी गेलो तो मेहुण्यांची समजूत घालायला. आणि त्यांची समजूत घालण्याऐवजी एका टेकडाएवढ्या हिरव्यागार मैदानात, गळ्यात घड्याळ अडकवून, आकाशाकडे आ वासून उभा राहिलो.

त्याचं असं झालं. 2019 च्या मार्च महिन्यात, म्हणजे आम्ही बँकवाले वर्षअखेरीच्या हिशेबात नाकापर्यंत बुडालेले असतो नेमक्या त्या मुहूर्तावर, आमच्या ताईचा इंग्लंडहून फोन आला. ताई बेडफर्डला असते. दाजी तिथल्या एका कारखान्यात वीस वर्षं इंजिनिअर होते. आदल्या दिवाळीत कारखान्यानं त्यांना, आता आपली गरज उरलेली नाही, असं अत्यंत सभ्य इंग्रजीत कळवलं. दाजींचं वय तेव्हा बावन्न.

"अरे, तेव्हापासून गॅरेजमध्ये बसून असतात," ताई सांगत होती. "लाकडाच्या काड्या चिकटवतात. विमान करतायत म्हणे. बोलत नाहीत, चालत नाहीत. काल मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. तर गुपचूप जेवून उठले!"

इथं मात्र मी हादरलो. कारण मीठ हा दाजींचा खास प्रांत. स्वतःच्या लग्नात, मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत, मठ्ठ्यात मीठ कमी म्हणून आचाऱ्याला मांडवात बोलावून घेणारा हा माणूस. तो अळणी आमटी मुकाट्यानं जेवला म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"तू ये," ताई म्हणाली. "तिकीट मी काढते. तू कॉमर्सचा. पैसे कसे पुरवायचे, पुढं काय करायचं, जरा आकडे मांडून सांग त्यांना."

कॉमर्सच्या पदवीवर एवढा विश्वास आमच्या घराण्यात प्रथमच कुणी दाखवत होतं. तसा मी वीस वर्षं काउंटरमागे बसलेला माणूस. क्लार्क म्हणून लागलो आणि क्लार्क म्हणूनच होतो. बढतीची परीक्षा दोनदा दिली, तिसऱ्यांदा बदलीच्या धास्तीनं दिली नाही, आणि त्या न देण्याला 'तत्त्व' असं नाव दिलं. पण दुसऱ्याच्या संसाराचे आकडे मांडायला बढती लागत नाही. मी मुदत ठेवी, व्याज, महागाई असं सगळं एका हिरव्या फायलीत लावलं आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात बेडफर्डला दाखल झालो.

गॅरेजमध्ये दाजी पाठमोरे बसले होते. मी घसा खाकरून फाईल उघडली. त्यांनी मागं न बघताच माझ्या हातात सँडपेपरचा तुकडा दिला आणि म्हणाले, "ही कड घास. हलक्या हातानं."

पुढचे तीन दिवस मी कडा घासत होतो. फाईल बाकावर पालथी पडली होती आणि तिच्यावर डिंकाची बाटली.

मात्र घासता घासता मला त्या विमानाची जन्मकुंडली कळली. त्याचं नाव टॉमबॉय. 1950 साली व्हिक स्मीड नावाच्या इंग्रजानं त्याचा आराखडा 'एरोमॉडेलर' मासिकात दिला. पंखांची लांबी 36 इंच, म्हणजे चोख एक वार. अंगात बाल्साचं लाकूड, जे हातात घेतलं तर आपण काही घेतलंय असं वाटत नाही. अंगावर पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद, त्याला डोप नावाचं रोगण लावून ढोलासारखा ताणलेला. आणि नाकावर मिल्स नावाचं पाऊण सी.सी.चं डिझेल इंजिन, अंगठ्याएवढं. त्याचं इंधन म्हणजे रॉकेल, ईथर आणि एरंडेल यांचं मिश्रण. बाटली उघडली की चूल, दवाखाना आणि लहानपणची रविवारची सकाळ असे तिन्ही वास एकदम येतात. मूळ मिल्स इंग्लंडचं. पण त्याची नक्कल आपल्या कलकत्त्यात बनायची आणि जगभरचे शौकीन ती घ्यायचे. दाजींकडचं इंजिन कलकत्त्याचंच होतं. एवढं सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दोन वळ्या हलल्या. ताईला मी तातडीनं जाऊन तसा रिपोर्ट दिला.

पूर्वी ही विमानं नुसती सोडून द्यायची पद्धत होती. इंजिन संपलं की वारा नेईल तिकडं विमान आणि विमानाच्या मागे सायकलवर मालक! कित्येक विमानं परत आलीच नाहीत. आता पोटात रेडिओ बसवतात, शेपूट हलवून वळवतात, आणि म्हातारी विमानं सुनेच्या ताब्यातल्या सासऱ्यासारखी वेळेवर घरी येतात.

"आणि यांची स्पर्धा असते?" मी विचारलं. "कोण वेगात जातो त्याची?"

"नाही. कोण जास्त वेळ वर राहतो त्याची." दाजींनी एक चिमुकली टाकी माझ्या तळहातावर ठेवली. "हिच्यात तीन सी.सी. इंधन. सगळ्यांना सारखं. ते संपलं की संपलं."

"मग?"

"मग काय? मग स्पर्धा सुरू."

चहाच्या चमच्यात पाच सी.सी. मावतात. हे लोक त्याहून कमी तेलावर आकाशात जाणार होते. पगाराच्या एकवीस तारखेला आमच्या घराची हीच परिस्थिती असते, पण तिची कुणी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतलेली मी ऐकली नव्हती.

स्पर्धा होती ती मेच्या अखेरच्या सोमवारला जोडून आलेल्या रविवारी. त्या सोमवारला तिकडे 'बँक हॉलिडे' म्हणतात. हे कळल्यावर मला भरून आलं. आमच्याकडे बँक बंद असली की लोक दाराच्या कुलपाला शिव्या देतात. तिकडे बँकेच्या नावानं अख्खा देश सुटी घेतो आणि सहलीला जातो! 1871 साली पार्लमेंटात हा कायदा आणणारा जॉन लबक हा गृहस्थ स्वतः बँकर होता. मोठा माणूस! आमच्या युनियनच्या ऑफिसात त्याचा फोटो लागायला हवा.

मैदान बेडफर्डजवळच ओल्ड वॉर्डनला. तिथं रिचर्ड शटलवर्थ नावाच्या हौशी तरुणानं जमवलेली जुनी, खरीखुरी विमानं आहेत. त्यात 1909 सालचं एक ब्लेरिओ आहे. वारा पडला असेल तर ते अजून हातभर उडी मारतं. 1933 साली दिल्लीत व्हाइसरॉयच्या चषकासाठी विमानांची शर्यत झाली, तेव्हा हा शटलवर्थ कॉम्पर स्विफ्ट नावाच्या एकट्यापुरत्या विमानातून थेट भारतात आला होता. पुढं 1940 मध्ये, महायुद्धात, सरावाच्या उड्डाणात तो गेला. वय अवघं एकतीस. त्याच्या आईनं त्याची विमानं मोडीत काढली नाहीत. 1944 साली विश्वस्त निधी करून त्याचा संग्रह राखला. दाजी तिथल्या लाल स्विफ्टपुढं बराच वेळ उभे राहिले. ताई त्यांच्याकडं बघत उभी राहिली. मी ताईनं आणलेल्या डब्याकडं बघत उभा राहिलो.

मैदानावर पाहतो तो स्पर्धकांचं सरासरी वय सत्तरीच्या आसपास! इंग्रज बरेच, हॉलंडचे दोघे, एक जर्मन जोडपं, एक फ्रेंच गृहस्थ. आणि आमचे दाजी, त्या सगळ्यांत कुमार गटातले. आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे झेंडे, राष्ट्रगीतं, चुरस, असं मला वाटलं होतं. इथं एकाचा पंखा तुटला तर दुसरा आपल्या पेटीतला काढून देत होता, आणि मग त्यानंच त्याला हरवलं तरी चहा एकाच थर्मासातून घेत होता. एका म्हाताऱ्यानं मला पूर्वीची गंमत सांगितली. तेव्हा दोघांनी एकाच फ्रीक्वेन्सीवर रेडिओ लावला की दोन्ही विमानं खाली यायची. म्हणून एका फळीवर कपड्यांचे चिमटे लावलेले असत. ज्याच्या हाती चिमटा, त्यानंच रेडिओ लावायचा. मी त्याला आमच्या पितळी टोकनची हकिकत सांगितली. आता नव्या रेडिओमुळं चिमटे गेले आणि मशिनमुळं टोकनं गेली. दोघांनीही एक एक सुस्कारा सोडला.

बँकेतला माणूस म्हटल्यावर त्यांनी मला वेळ मोजायच्या कामावर बसवलं. आपल्या माणसाची वेळ आपण मोजायची नाही, एवढंच पथ्य. माझ्या वाट्याला हॉलंडचे एक आजोबा आले. विमान सुटलं, मी घड्याळ दाबलं, आणि बघत राहिलो. इंजिन चारेक मिनिटांनी थांबलं. मग ती पिवळी वस्तू आवाज न करता, कुणावर रागावल्यासारखी नाही की कुणाला घाबरल्यासारखी नाही, अशी गोल गोल फिरत राहिली. मी इतका रंगून गेलो की आजोबा विमान काखेत घेऊन समोर येऊन "किती?" म्हणाले, तेव्हा घड्याळ माझ्या हातात चालूच होतं!

वीस वर्षांत माझी कॅश एकदाही चुकलेली नाही. इंग्लंडात पहिल्याच दिवशी चुकली. मी कान पकडून कबुली दिली. आजोबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सात मिनिटं लिहा."

"नक्की सात?"

"साडेसात असतील. पण वेळ मोजायचं सोडून माझं विमान बघणारा माणूस रोज कुठं भेटतो? सात लिहा."

काउंटरवर जास्त आलेली नोट परत करणारी गिऱ्हाइकं मी आजवर दोन पाहिली. त्यातला एक मोजण्यात चुकला होता.

शेवटच्या फेरीत अकरा टॉमबॉय एकदम सुटले. हॉलंडचे आजोबा होते, दाजीही होते. माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं होतं, त्यामुळं मी दाजींच्या शेजारी निवांत उभा होतो. अकरा इंजिनांचा कर्कश आवाज, एरंडेलाचा वास, आणि सगळ्यांच्या माना वर. आणि तेवढ्यात सगळ्यांत आधी इंजिन बंद पडलं ते दाजींचं.

बाकीची दहा वरच चढत होती. ताईनं माझा दंड धरला. मला काही सुचेना. आयुष्यात प्रथमच माझी हिरवी फाईल हाताशी नसल्याचं मला बरं वाटलं. दाजी मात्र वरची नजर न काढता, जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले,

"उंची आहे अजून."

मी कॉमर्सचा. हवा तापून वर चढते, तिला थर्मल म्हणतात, ती सापडली तर बिनइंजिनाचं विमानही वर जातं, हे सगळं मला गॅरेजमध्ये कळलं होतं. पण ती हवा दिसते कुठं? तर नांगरलेल्या शेताच्या वर मला पंख न हलवता फिरणारी ओळखीची आकृती दिसली. आमच्या बँकेच्या खिडकीतून मी ती वीस वर्षं बघत आलो आहे.

"दाजी, घार!" मी ओरडलो. "ती बघा, घार फिरतीय!"

ती रेड काइट होती, आपल्या घारीची तांबूस चुलतबहीण. इंग्लंडातून ती नाहीशी झाली होती. 1990 पासून स्पेनहून पिल्लं आणून तिला पुन्हा वसवली, असं नंतर जर्मन बाईंनी सांगितलं. म्हणजे तीही बाहेरून येऊन तिथं स्थायिक झालेली. दाजींनी विमान तिच्याखाली नेलं. थोडा वेळ काही घडलं नाही. मग विमान हळूहळू, लिफ्टमध्ये बसल्यासारखं, वर जाऊ लागलं. घार आणि टॉमबॉय, दोघं एकाच वर्तुळात.

एक एक करत बाकीची खाली आली. उरले दोघे, आजोबा आणि दाजी. दाजींचं विमान कितीतरी वर होतं, पण वारा त्याला शेताकडं ढकलत होता. मैदानाबाहेर उतरलं तर सगळी वेळ बाद.

"आणखी दोन मिनिटं थांबा तिथंच," मी म्हणालो. "पहिलं बक्षीस तुमचं."

दाजींनी ताईकडं एकदा बघितलं आणि विमान वळवलं. थर्मल सुटलं, उंची भराभर खर्च होत गेली, आणि टॉमबॉय आमच्यापासून पंधरा पावलांवर गवतात येऊन बसलं. आजोबांचं अर्ध्या मिनिटानं उतरलं.

"कशाला वळवलंत?" मी हळहळलो.

"वा! विमान घरी यायला नको?" दाजी म्हणाले, आणि हसले. चांगले दात दाखवून हसले.

दुसरं बक्षीस म्हणून त्यांना बाल्साच्या काड्यांचा भला मोठा गठ्ठा मिळाला. ते पाहून ताई म्हणाली, "अगं बाई, आणखी काड्या!" पण तिच्या स्वरात पूर्वीची धार नव्हती.

रात्री आम्ही जेवायला बसलो. दाजींनी आमटीचा भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि गरजले, "या घरात मीठ आणायचं बंद झालंय का?"

ताई मीठ आणायला आत गेली. मीठ हाताशीच, डब्यात होतं. पण तिला ते सापडायला बराच वेळ लागला. या खेपेला माझ्याकडे घड्याळ नव्हतं, तरी पाच मिनिटं सहज झाली असतील. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. आम्ही दोघांनीही तिकडं लक्ष नसल्याचं उत्तम सोंग केलं.

हिरवी फाईल मी न उघडताच परत आणली. तिच्या पुठ्ठ्यावर डिंकाच्या बाटलीचा गोल डाग आहे. दाजींना पुढं चार महिन्यांनी एका तंत्रशाळेत मुलांना लेथ शिकवायचं काम मिळालं, आठवड्यातून तीन दिवस. पगार पूर्वीच्या निम्मा. पण ताई सांगते की मिठावरून वाद रोज होतात.

मी आहे तिथंच आहे. काउंटरही तोच, खिडकीही तीच. दुपारी घारी फिरायला लागल्या की नोटा मोजता मोजता माझी नजर बाहेर जाते. परवाच एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "साहेब, काय बघताय? किती झाले?"

"उंची आहे अजून," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही. पुन्हा मोजतो."