थंड धार

फांद्यांचे काप पाडणाऱ्या चिपर मशीनचं पातं धार लावायला माझ्या गाळ्यात आलं की मी आधी ते डिझेलनं धुतो. झाडाचा चीक, सालीचा भुगा आणि ग्रीस यांचा काळा थर त्यावर चिकटून बसलेला असतो. तो निघाल्याशिवाय पात्याचं काहीच कळत नाही. मग ट्यूबलाइटखाली धार डोळ्यांसमोर आडवी धरायची आणि सावकाश कलती करत न्यायची. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही, कारण थांबायला तिथे जागाच नसते. जिथे बारीक पांढरी रेघ दिसते तिथे धार गेलेली असते. ती रेघ मधोमध रुंद आणि दोन्ही टोकांना नाहीशी होत असेल, तर फांद्या कायम मशीनच्या तोंडात मधूनच घातल्या गेल्या आहेत असं समजायचं. पूर्ण रेघभर बारीक दाते पडले असतील तर मातीतून ओढत आणलेला माल होता. आणि सगळ्या पात्यांना नेमकी एकाच जागी खाच असेल, तर आत खिळा गेला.

खिळे फार जातात. क्लासच्या पाट्या, भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती, वाढदिवसाचे फलक, सगळं रस्त्याकडेच्या झाडांवर ठोकलेलं असतं. पाटी गळून पडते, खिळा राहतो आणि झाड त्याच्यावरून साल वाढवून त्याला पोटात घेतं. काही वर्षांनी ती फांदी छाटणारा माणूस कितीही सावध असला तरी त्याला तो दिसणार नाही. ‘खिळेमुक्त झाडं’ ही मोहीम पुण्यात निघाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. झाडाला होणारी इजा हे तिचं मुख्य कारण. पण एका खिळ्यापायी सगळ्या पात्यांचं दीड-दोन मिलिमीटर पोलाद घासून टाकावं लागतं, हे माझ्यासारख्यालाच ठाऊक असतं.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार या पट्ट्यात गाळ्यांच्या रांगा आहेत. धारेचं काम इथे बारा महिने असतं. कागद कापायची पाती, प्लास्टिक दळणाऱ्या मशीनची पाती, रंध्याची पाती येत राहतात. पॅलेट आणि पॅकिंगच्या पेट्या बनवणारे उरलेल्या फळ्यांचा चुरा करतात, त्यांची चिपरची पाती वर्षभर येतात. हा चुरा पुढे दाबून पांढऱ्या कोळशाच्या कांड्या होतात आणि बॉयलरमध्ये जळतात. झाडं छाटणाऱ्या ठेकेदारांची पाती मात्र एप्रिल-मेमध्ये एकदम येऊन पडतात, कारण पावसाच्या आत फांद्या उतरवायच्या असतात. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा वाड्यांमधली केळी आडवी झाली आणि जुनी झाडं मुळांसकट उपटली गेली. त्यानंतर आलेल्या पात्यांवर वाळू होती, तारेचे तुकडे होते, पत्र्याचे ओरखडे होते. वादळात पडलेलं झाड एकटं पडत नाही, आजूबाजूचं सगळं घेऊन पडतं.

झाडांची ओळख मला पानांवरून कमी आणि धारेवरून जास्त आहे. पर्जन्यवृक्षाचं लाकूड आकारानं अवाढव्य, पण कापायला सौम्य. गुलमोहरही सौम्य. चिंच धारेची परीक्षा घेते. अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावरचा सुरू वाळला की दगडासारखा होतो, आणि त्याच्या सालीत वाऱ्यानं आणलेली वाळू असते ती वेगळीच. माडाचं तर सगळंच निराळं. त्याच्या खोडात आणि झावळ्यांत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. झाड जमिनीतून पाण्याबरोबर ते घेतं आणि पेशींमध्ये साठवतं. वाळूही सिलिकाच. म्हणजे माड आपल्या अंगातच वाळू घेऊन उभा असतो. त्यामुळे वाडीतल्या झावळ्या चिरणारं पातं कारखान्यातल्या पात्यापेक्षा खूप लवकर बोथट होतं, आणि मालक म्हणतो, “दादा, नुसत्या झावळ्या तर टाकल्या होत्या!” त्याला हे समजावून सांगायला मला आवडतं.

चिपरचं काम वरवर आडदांड दिसतं. एक जड तबकडी किंवा ड्रम मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो, त्यावर बसवलेली पाती खालच्या स्थिर पात्याजवळून एक-दोन मिलिमीटरच्या अंतरानं जातात आणि मधे सापडलेल्या फांदीचे काप पडतात. पण सगळा कारभार त्या बारीक अंतरावर आणि धारेच्या कोनावर चालतो. बहुतेक पात्यांचा कोन 30 ते 35 अंशांचा. त्याहून निमुळता केला तर धार सुरेख दिसते आणि पहिल्याच गाठीला तुटते. त्याहून बोथट ठेवला तर इंजिन दमतं. धार चांगली असेल तर मशीनमधून स्वच्छ कडांचे, साधारण एका मापाचे काप पडतात. धार गेली की सालीच्या लांब दोऱ्या निघतात, भुगा वाढतो, डिझेल जास्त जळतं आणि कापांना जळका वास येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट मशीनच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मुलाची. धारदार पाती फांदीला आत ओढून घेतात. बोथट पाती तिला हाणतात, फांदी थडथडते, उसळते, बाहेर फेकली जाते. मग तो मुलगा जोर लावून ढकलायला लागतो. आधी हातानं, नंतर खांद्यानं, आणि कधी कधी पायानं. धारदार पात्याला माणसं घाबरतात, पण मला भीती वाटते ती बोथट पात्याची. पातं हातात घेतल्यावर मी ज्याचा विचार करतो तो गिऱ्हाईक नसतो, तो मुलगा असतो. तो बहुतेक वेळा रोजंदारीवर असतो आणि धार कधी लावायची हे त्याच्या हातात नसतं.

धार लावण्याची सगळी विद्या माझ्या मते दोन गोष्टींत आहे: कमी काढायचं आणि थंड ठेवायचं. बाकीचं मशीन करतं.

चिपरची बरीच पाती आपल्याकडे एचसीएचसीआर, म्हणजे जास्त कार्बन आणि जास्त क्रोमियमच्या पोलादाची असतात. त्यात साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. हे क्रोमियम कार्बनशी मिळून अतिशय कठीण कण तयार करतं, म्हणून धार टिकते आणि म्हणूनच ती लावायलाही जड जाते. या पात्यांचा कडकपणा बहुधा 55 ते 60 रॉकवेलच्या दरम्यान असतो. भट्टीत तापवून, थंड करून, पुन्हा बेतानं तापवून तो आणलेला असतो. कोणीतरी तासन् तास जपून केलेलं ते काम ग्राइंडरवर काही सेकंदांत बिघडवता येतं. चाक जोरात दाबलं की धारेच्या टोकाला, जिथे पोलाद सगळ्यात पातळ असतं, तिथे उष्णता साचते. तिला पळायला जागा नसते. मग रंग चढतो. साध्या पोलादावर 220 अंशांच्या आसपास फिकट पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा, 300 च्या सुमारास निळा. क्रोमियमच्या पोलादावर हेच रंग यायला आणखी जास्त उष्णता लागते. म्हणजे त्यावर निळा दिसला, तर नुकसान आपल्या अंदाजापेक्षा मोठं झालेलं आहे.

आणि हा निळा रंग पुसता येतो, ही खरी अडचण आहे. शेवटी एक हलका हात फिरवला की पातं पुन्हा चांदीसारखं लखलखतं. गिऱ्हाईक चमक बघून खूश होतं. पण भाजलेला थर खाली तसाच असतो. कुठे तो मऊ पडलेला असतो, कुठे उलट ठिसूळ होऊन त्यात केशतडे गेलेले असतात. असं पातं दोन दिवसांत बोथट होतं किंवा गाठ लागताच त्याचा तुकडा उडतो. मिनिटाला हजार फेऱ्यांच्या वेगानं उडालेला तुकडा कुठे जाईल, याचा विचार न करता जो रंग पुसतो त्याच्याबद्दल मला राग आहे. हा राग मी लपवत नाही.

म्हणून पाणी. ग्राइंडरवर कूलंटची धार चाक आणि पातं जिथे टेकतात तिथेच पडली पाहिजे. इंचभर बाजूला पडली तर ती नुसती फरशी धुते. इकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ आहे. त्यात कूलंटचं तेल मिसळलं की ते नीट दुधाळ होत नाही, फाटतं, आणि पात्यावर सकाळपर्यंत तांबूस गंज धरतो. समुद्राची हवा त्याला हातभार लावते. त्यामुळे मी कूलंटसाठी टँकरचं गोडं पाणी वेगळ्या पिंपात ठेवतो. पावसाळ्यात ते लवकर नासतं, वास मारायला लागलं की बदलावंच लागतं.

चाकाचं शास्त्र मला अजूनही मोहवतं. पोलाद जितकं कडक, चाक तितकं मऊ घ्यायचं. ऐकायला उलटं वाटतं. पण चाकातला प्रत्येक कण म्हणजे एक छोटं पातंच असतं आणि तोही बोथट होतो. कडक बांधणीच्या चाकात हे बोथट कण सुटत नाहीत, ते पोलादावर नुसते घासत राहतात आणि घासण्यातून उष्णता होते. मऊ चाक बोथट कण सोडून देतं, खालचा ताजा कण पुढे येतो. चाक झिजतं, पातं वाचतं. चाकाचे पैसे वाचवायला कडक चाक लावणारे लोक शेवटी पात्यात ते पैसे घालवतात.

हा कण म्हणजे बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड. आमच्या सुतारांनी वाकस, पटाशी आणि किकऱ्याला धार लावण्यासाठी पिढ्यान् पिढ्या जो कुरुंद वापरला, तेच हे खनिज, फक्त आता ते विजेच्या भट्टीत तयार होतं. पोर्तुगीजांच्या अमलात, 1534 ते 1739 या काळात, वसई जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. त्या सुतारांच्या हातात कोणता दगड होता ते मी सांगू शकणार नाही, पण सागवान तासायचं तर त्यांनाही रोज धार लावावी लागत असणार. चाकांचा कारखाना आपल्याकडे उरणजवळ मोरा इथे 1941 साली निघाला, तो ग्राइंडवेल कंपनीचा. त्याआधी चाकं परदेशातून यायची.

नवं चाक चढवण्याआधी ते वाजवून बघायचं, हे मला माझ्या मिस्त्रींनी पहिल्या आठवड्यात शिकवलं. चाक मधल्या भोकात बोट घालून लोंबतं धरायचं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच टोला द्यायचा. टोला सरळ वर किंवा खाली द्यायचा नाही, जरा कडेला, तिरक्या रेषेत. चाक धड असेल तर स्वच्छ, लांबणारा नाद येतो. आत तडा असेल तर बद्द आवाज येतो आणि लगेच थांबतो. मग चाक थोडं फिरवून पुन्हा एकदा. मिस्त्री गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे बसलेले असले तरी तो आवाज ऐकून सांगायचे, “बाजूला ठेव ते.” तडा गेलेलं चाक वेगात फुटलं तर समोरच्या माणसाला वाचायला वेळ मिळत नाही. कंपनीचं असो, पेटी सीलबंद असो, वाजवल्याशिवाय चाक चढवायचं नाही. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या पोरांनाही मी मशीनला हात लावू देण्याआधी हेच शिकवतो.

पुढचं काम सबुरीचं. सगळ्या पात्यांना ग्राइंडरच्या मॅग्नेटवर एका रांगेत घ्यायचं आणि प्रत्येक फेरीला एक शतांश मिलिमीटर, फार तर दोन. एका पात्याला जास्त खाच असली तरी सगळी पाती तेवढीच खाली आणायची. नाहीतर वजनात फरक पडतो, ड्रम थरथरतो आणि बेअरिंग जातं. पात्याच्या सपाट पाठीला चाक लावायचं नाही. तिथे फक्त तेल लावलेला दगड सपाट टेकवून बर काढायची. बर म्हणजे धारेवरून पलीकडे वळलेली पोलादाची पातळ कड. बोटाला ती धार वाटते, पण ती पहिल्या फांदीबरोबर तुटते आणि जाताना खरी धारही घेऊन जाते. शेवटी पात्यातलं चुंबकत्व काढायचं, नाहीतर गाळ्यातली सगळी लोखंडी धूळ धारेवर येऊन बसते.

पातं देताना मी दोन गोष्टी बजावतो. धार लावली की पातं रुंदीला कमी होतं, म्हणजे खालच्या स्थिर पात्यापासूनचं अंतर वाढतं. ते फीलर गेजनं पुन्हा जुळवा, नाहीतर नव्या धारेनंही दोऱ्याच निघतील. आणि बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळा, ताणलेला जुना बोल्ट परत वापरू नका.

प्रत्येक पात्याला बनवणाऱ्यानं ठरवलेली एक किमान रुंदी असते. त्याखाली गेलं की बोल्टाला पुरेसं पोलाद धरायला मिळत नाही. ते माप मी सेट पहिल्यांदा आला की वहीत लिहून ठेवतो आणि मर्यादा आली की काम घेत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, “एकदाच लावा, एवढा मे महिना निघू दे.” मी नाही म्हणतो. काही जण दुसरीकडे जातात आणि कोणीतरी त्यांना ती लावूनही देतं. त्याला माझा इलाज नाही, पण माझ्या हातून ते होणार नाही.

घाई ही या धंद्यातली सगळ्यात मोठी आग आहे. मशीन उभं, झाड आडवं, रस्ता बंद, वरून फोन. अशा वेळी आलेलं पातं थंडपणे घासू देत नाहीत. म्हणून आता प्रत्येक नव्या ठेकेदाराला मी पहिल्याच भेटीत दुसरा सेट घ्यायला सांगतो. एक मशीनवर, एक माझ्याकडे. खर्च दिसायला दुप्पट आहे, पण घाई न करता घासलेली पाती मिळून दुपटीहून जास्त टिकतात. ज्यांनी ऐकलं त्यांची पाती आता फेब्रुवारीतच येतात. मी ती चार दिवस ठेवून घेतो, सावकाश करतो, तेल लावून जाड कागदात गुंडाळतो आणि कागदावर खडूनं तारीख आणि उरलेली रुंदी लिहितो.