चौथी चौकट

झोप येईना, म्हणून शुल्झच्या ‘पीनट्स’ या चित्रपट्ट्या काढून बसलो. २ ऑक्टोबर १९५० ची पहिलीच पट्टी. रस्त्याच्या कडेला दोन पोरं बसलीयत, समोरून चार्ली ब्राऊन येतो. पोरगा त्याचं कौतुक करतो, पुन्हा करतो. चार्ली पुढे निघून जातो आणि चौथ्या चौकटीत पोरगा म्हणतो काय, तर मला हा अजिबात आवडत नाही! बस्स. खुलासा नाही, सारवासारव नाही. (मी विनोद सांगताना आधी स्वतःच हसतो, घरचे कंटाळलेत.)

पहिल्या पट्टीवरून शेवटची आठवली. शुल्झ १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री गेला. त्याची शेवटची, निरोपाची पट्टी आधीच काढून ठेवलेली होती. ती दुसऱ्या दिवशी, रविवारी, छापून आली.