दयेला ज्ञानाची जोड

काही वर्षांपूर्वीची एक पावसाळी सकाळ आम्ही विसरू शकत नाही. रविवारची पहिली मिस्सा आटोपून धर्मग्रामातील आम्ही काही मंडळी किनाऱ्यावर गेलो होतो. वसईचा समुद्र उधाणलेला होता. भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्यात एक मोठे समुद्री कासव पडले होते. तुटक्या नायलॉन जाळ्याचा फास त्याच्या पुढच्या पायात रुतला होता. आम्ही घाईघाईने फास कापला, चौघांनी मिळून त्याला उचलले आणि कमरेएवढ्या पाण्यात नेऊन सोडले. ते लाटांवर तरंगत दूर गेले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या. आपल्या हातून एक सत्कृत्य घडले, या समाधानात आम्ही घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी ते त्याच किनाऱ्यावर मरून पडले होते. पायावरील फासाचा वळ आमच्या ओळखीचा होता.

आमचे काय चुकले, या प्रश्नाने आम्ही पुढे डहाणूला गेलो. तेथे जखमी समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र आहे. वनविभाग आणि प्राणिप्रेमी स्वयंसेवक मिळून ते चालवितात. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली ऑलिव्ह रिडले आणि इतर जातींची कासवे तेथे आणली जातात. तेथे जे पाहिले आणि नंतर या विषयावर जे वाचले, त्यातून आमची चूक आम्हांला उमगली.

निरोगी कासव खोल पाण्यात सोडताच बुडी मारते. जे ओंडक्यासारखे वरच तरंगत राहते, ते बहुधा आजारी असते. कासव समुद्रात राहत असले तरी श्वास घेते ते आपल्यासारखे फुप्फुसांनी. जाळ्यात अडकून ते पाण्याखाली राहिले की गुदमरते, फुप्फुसात पाणी शिरते आणि पुढे न्यूमोनिया होतो. कधी फुप्फुस फाटून हवा शरीरात कोंडते. अशा कासवाला बुडी मारता येत नाही, म्हणून भक्ष्य मिळत नाही. ते उन्हात भाजते, बोटींच्या धडका खाते. आम्ही टाळ्या वाजवीत ज्याला निरोप दिला, ते पोहत नव्हते. वाहून चालले होते.

उपचारही घाईचे नसतात. प्रथम एक्स-रे काढतात. जखम धुऊन मेलेले मांस काढतात. फासाने रक्तपुरवठा तुटून पाय कुजला असेल, तर तो कापावा लागतो. तीन पायांवरही पुष्कळ कासवे पुन्हा समुद्रात जगू शकतात. खात नसेल तर नळीने अन्न देतात. थंड रक्ताच्या या प्राण्याच्या शरीराचे सारे व्यवहार संथ असतात. काही प्रतिजैविकांची इंजेक्शने तर तीन-तीन दिवसांच्या अंतराने दिली जातात. बरे होण्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.

आपल्या कोळी बांधवांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. जाळ्यात आलेले कासव निपचित असेल, तर ते मेले असे समजून समुद्रात टाकू नये. त्याला बोटीवर पोटावर ठेवावे, मागची बाजू निदान सहा इंच उंच करावी, सावली द्यावी, नाकपुड्या मोकळ्या ठेवून पाठीवर ओले फडके घालावे. काही तासांनी, कधी चोवीस तासांनीही, ते शुद्धीवर येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना संरक्षण दिले आहे. त्यांना सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास नुकसानभरपाई देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१८ साली घेतला. किनाऱ्यावर जखमी कासव दिसले, तर त्याला पाण्यात ढकलू नये किंवा घरीही नेऊ नये, वनविभागाला कळवावे.

डहाणूहून परतताना आम्हांला प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोनी आठवला. त्या जखमी वाटसरूला उभे करून त्याने पुढे ढकलले नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले, त्याची शुश्रूषा केली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि उरलेला खर्च परतल्यावर देण्याचा शब्दही दिला. हा दाखला आम्ही बालपणापासून ऐकत आलो. परंतु त्या दयेतील हा बारीकसारीक तपशील कधी मनावर घेतला नव्हता. आमची दया पाच मिनिटांची होती. त्याची दुसऱ्या दिवशीही संपली नव्हती.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकातून सांगितले, की प्रत्येक जीवाला स्वतःचे असे मोल आहे. ते मोल आम्ही मान्य केले होते, पण जाणून घेण्याचे कष्ट घेतले नव्हते. आता पावसाळा लागला की आमच्यापैकी कोणी ना कोणी सकाळी किनाऱ्यावर फेरी मारते. त्या दिवशी टाळ्या वाजविणारी मुले आता मोठी झाली आहेत. कासव दिसले तर सावली धरायची आणि वनविभागाला फोन करायचा, हे त्यांना आता सांगावे लागत नाही.