वीतभर मगर

मॉडेल रेल्वेचं इंजिन खऱ्या इंजिनावरून केलेलं असतं का? बहुतेक वेळा असतं. पण कुठपर्यंत, हे विचारलं की गंमत सुरू होते.

स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड घाटातली 'मगर' घ्या. 1919 नंतर मालगाड्या ओढायला आलेलं हे विजेचं इंजिन. मध्ये केबिन, दोन्हीकडे लांबलचक नाकं आणि चाकांना चक्क वाफेच्या इंजिनासारखे दांडे. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीने 1947 साली तिचं एचओ मापातलं, म्हणजे 87 पट लहान मॉडेल काढलं. खरी मगर वीसेक मीटरची, ही जेमतेम वीतभर. हळू सोडली की दांडे वरखाली होत राहतात. वळण आलं की आधी पुढचं नाक वळतं, मग केबिन, मग मागचं नाक. पाहत राहावं असं ते सरपटणं!

खोट निघते ती त्या वळणातच. 300 मीटर त्रिज्येचं वळण खऱ्या रेल्वेत चांगलंच तीव्र. 87 ने भागलं तरी साडेतीन मीटर उरतात. नुसतं अर्धवर्तुळ घालायचं तर सात मीटर रुंद खोली हवी. मेर्क्लिनचं नेहमीचं वळण 36 सेंटिमीटर त्रिज्येचं. गाडी त्यावर टिकायची तर चाकांच्या कडा जाड कराव्या लागतात, आसांना इकडेतिकडे सरकायला जागा ठेवावी लागते. घरात मावायची किंमत ही.

इंग्रजांनी आणखीच घोळ घातला. त्यांची इंजिनं मुळात अंगाने बारीक; 87 पट लहान केल्यावर पोटात तेव्हाची मोटर मावेना. मग इंजिन 76 पट लहान केलं आणि रुळांमधलं अंतर मात्र एचओचंच, 16.5 मिलिमीटर, ठेवलं. त्या हिशेबाने चार फूट साडेआठ इंचांचा मार्ग चार फूट दीड इंचावर आला. अंगात शेरवानी, पायात धाकट्या भावाचे बूट! तरी तिकडचे बहुतेक हौशी लोक आजही त्याच मापावर खूश आहेत.

आणि मुलांच्या गोष्टींतलं थॉमस इंजिन? हसऱ्या तोंडाचा म्हणून त्याला निव्वळ काल्पनिक समजू नका. त्याच्या चित्रामागे इंग्लंडचं ई2 जातीचं इंजिन आहे. तशी दहाच बांधली गेली आणि 1963 पर्यंत सगळी मोडीत निघाली. अस्सल एकही उरलं नाही, थॉमस घरोघरी.

मगरीची भावंडं आपल्या घाटांतही होती. जीआयपी रेल्वेने 1928 पासून आणलेले 'खेकडे', त्यांतले पहिले काही स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्येच घडलेले. तशीच नाकं, तसेच दांडे. उभ्या उभ्या कण्हायचे, चालताना डुलायचे. कुणी माझ्यासाठी खेकड्याचं मॉडेल करणार असेल तर रंगाची छटा चुकली तरी चालेल, रिवेट मी मोजणार नाही. ते कण्हणं तेवढं नीट उतरायला हवं.